आधी गोष्ट, मग नाव

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकांना जाड पुठ्ठ्याची बांधणी असे. मुखपृष्ठ गेलेले, सुरुवातीची पाने फाटलेली. १९८४च्या उन्हाळी सुट्टीत ग्रंथपालांनी असेच एक पुस्तक हाती ठेवले आणि म्हणाले, "क्रिकेट आवडतं ना? मग हे ने." त्यातल्या एका गोष्टीत क्रिकेट होते, गणपती होता आणि एक माणूस आरशातल्यासारखा उजव्याचा डावा होत होता. परत करायला गेलो तेव्हा कळले, गोष्ट 'उजव्या सोंडेचा गणपती' आणि लेखक जयंत नारळीकर.

तेव्हापासून आजवर मी अनेकांना पुस्तके सुचवत आलो. पहिल्या काही वर्षांत माझी एक चूक होई. "मोठ्या शास्त्रज्ञाने लिहिलंय, वाचाच," असे सांगून मी पुस्तक देई. साहित्यावर जीव असलेल्या एका शेजारीणबाईंनी नारळीकरांचे 'प्रेषित' महिनाभर ठेवून न उघडता परत केले. 'शास्त्रज्ञ' म्हटल्याबरोबर त्यांना धडा दिसला होता.

मग नारळीकरांच्याच पहिल्या कथेची हकिकत वाचनात आली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घडवले होते. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. पहिले बक्षीस मिळाले ते गोष्टीला. ही हकिकत वाचल्यापासून मी पुस्तक देताना गोष्टीचे टोक तेवढे सांगू लागलो.

पानिपतावर तावातावाने बोलणाऱ्या मामांना एवढेच म्हटले, "विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली असती तर?" नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा त्यांनी त्याच रात्री संपवली. सकाळी चहाला बसल्यावर इतिहासाला किती वाटा फुटू शकतात, हे ते मलाच समजावत होते.

नव्वदच्या दशकात माझ्या यादीत विज्ञानकथा लिहिणारी माणसे वाढत गेली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. दिवाळी अंक आला की आधी यांच्या कथा शोधायच्या. यंत्रापेक्षा माणसात रस असलेल्यांना मी जावडेकर देई; देवाधर्मावर वाद घालणाऱ्यांना लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांचे 'देवांसि जिवे मारिले'. मुलांसाठी भा. रा. भागवत होतेच. त्यांच्यामुळे ज्यूल व्हर्न आमच्या घरातलाच होऊन बसला होता.

नारायण धारपांची पुस्तके मात्र मी बरीच वर्षे कुणाला सुचवली नाहीत. भयकथा म्हणजे कमी प्रतीची, असे मनात कुठेतरी बसले होते. २०१८ साली धारपांच्या कथेवरून प्रेरित 'तुंबाड' हा चित्रपट पाहून आलेला भाचा धारपांबद्दल विचारू लागला, तेव्हा त्याच्यासाठी 'लुचाई' पुन्हा काढली. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे खरे, पण अंधारलेल्या वाड्याची मराठी भीती धारपांचीच. भाच्याने पुढे किंगही वाचला. एवढ्या चांगल्या लेखकाला मी इतकी वर्षे लोकांपासून दूर ठेवले, याची हळहळ आजही वाटते. नावावरून पुस्तक थोर मानण्याची चूक मी सुधारली होती; शिक्क्यावरून पुस्तक नाकारण्याची चूक सुधारायला मला भाचा भेटावा लागला.

२० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले. त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी विचारले, "त्यांचं कुठलं वाचू?" मी प्रत्येकाला उलट विचारले, "तुम्हाला कशाचं वेड आहे?" शेजारची सातवीतली मुलगी म्हणाली, "क्रिकेट." 'उजव्या सोंडेचा गणपती' असलेल्या पुस्तकाच्या माझ्याकडच्या प्रतीला मी जुन्या वर्तमानपत्राचे कव्हर घातले, वर काहीच लिहिले नाही, आणि ती तिच्या हातात दिली.