पंख आणि वारा : भाग ९
कोन दाखवणारा दिवा

सेसना १५२ च्या वेगमापकावरची हिरवी पट्टी ४० नॉटला सुरू होते, हे गेल्या भागात पाहिलं. हा आकडा पूर्ण भरलेल्या, फ्लॅप वर घेतलेल्या आणि सरळ उडणाऱ्या विमानाचा. तेच विमान ६० अंश कलवून, उंची न सोडता वळवलं तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि ५७ नॉटलाच स्टॉल होतो. उलट एकटा वैमानिक, अर्धी टाकी असेल तर ते ४० च्याही खाली तग धरतं. या सगळ्यात न बदलणारा आकडा एकच : समोरून येणाऱ्या हवेशी पंखाने धरलेला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक. तो साधारण १५ ते १८ अंशांपुढे गेला की हवा पंखाच्या पाठीला धरून वाहत नाही; हाच स्टॉल. संक्रांतीला वर्ध्याच्या गच्चीवर कन्नी बांधणारं पोर हाच कोन जुळवत असतं. वाऱ्याचा वेग काही त्याच्या हातात नसतो.

आपल्याला जवळची विमानशाळा म्हणजे नागपूर फ्लाइंग क्लब, आणि तिथेही शिकवणी सेसनावरच. या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. कोन फार वाढला की तिथे हवा उलटी ओढली जाते आणि आतली पत्ती पिपाणीसारखी वाजते. पिपाणी वाजते तेव्हा स्टॉल जेमतेम ५ ते १० नॉट दूर असतो. त्याआधी किती शिल्लक आहे, हे तिला सांगता येत नाही. ते सांगतो कोनदर्शक : हिरवे, पिवळे, लाल दिवे, बहुधा काचेसमोर, नजर धावपट्टीवर असतानाही दिसतील असे.

बसवणं त्यामानाने सोपं. पंखाखालचं तपासणीचं झाकण काढायचं आणि शोधनळी जोडलेलं नवं झाकण लावायचं. नळीला दोन भोकं, एक समोर, एक तिरक्या बाजूवर. कोन बदलला की दोन्हींतल्या दाबाचा फरक बदलतो. जागा मात्र पंख्याच्या झोताबाहेरची आणि पंखाच्या टेकूपासून लांबची हवी. दोन रबरी नळ्या पंखातून केबिनमध्ये आणताना कुठे झोल राहिला तर पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. अदलाबदल झाली तर यंत्र उलटंच बोलतं. अमेरिकेच्या एफएएने २०१४ साली छोट्या विमानांसाठी या उपकरणाची मंजुरी पुष्कळ सोपी केली. आपल्याकडे प्रमाणित विमानात असा बदल करायचा तर डीजीसीएच्या नियमांत बसणारी कागदपत्रं आणि परवानाधारक इंजिनियरची सही लागते. खरी गंमत कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांसारख्यांची. अशा विमानाला कारखान्याचं पुस्तकच नसतं, स्टॉलचा आकडासुद्धा उडवूनच शोधायचा.

आता कॅलिब्रेशन, आणि माझ्या मते सगळं उपकरण इथेच घडतं किंवा बिघडतं. शून्य जमिनीवर, वारा नसताना लावायचं. बाकीच्या खुणा हवेत. त्यासाठी वैशाखातली दुपार कामाची नाही. तापलेल्या काळ्या रानावरून उठणाऱ्या झोतांत दिवे नुसते नाचतात. हिवाळ्यातली पहाट गाठायची, जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर जायचं, सोबत अनुभवी वैमानिक घ्यायचा आणि त्या दिवसाच्या वजनाला विमान प्रत्यक्ष स्टॉल करून वेग टिपायचा. लाल खूण त्याच्या जरा अलीकडे. उतरतानाची खूण स्टॉलच्या १.३ पट वेगाला.

आणि इथेच फसगत होते. नाक वर असताना वेगमापकाची नळी वाऱ्याला तिरकी पडते आणि वेग कमी दाखवते. सेसना १५२ चा काटा ४० वर असतो तेव्हा दुरुस्त वेग ४८ नॉटच्या आसपास असतो. म्हणून ४० ची १.३ पट, म्हणजे ५२, धरून खूण लावली तर हिरवा दिवा स्टॉलच्या दारातच लागेल. धरायचा तो आकडा ६२. पुस्तकातला दुरुस्तीचा तक्ता न उघडता केलेलं कॅलिब्रेशन कोनदर्शक नसण्यापेक्षा वाईट, कारण वैमानिक त्या दिव्यावर विसंबतो. शिवाय फ्लॅप खाली केले की पंखाचा आकारच बदलतो. एका फ्लॅपला लावलेली खूण दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही; कोणत्या फ्लॅपला लावली, ते लॉगबुकात लिहून ठेवावं.

मोठ्या विमानांत हे काम वाऱ्याबरोबर फिरणारी पात करते. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जकार्ताहून निघालेल्या लायन एअरच्या ७३७ मॅक्सवर अशी दुरुस्त केलेली पात आदल्याच दिवशी बसवली होती. दुरुस्तीच्या कार्यशाळेतच तिच्यात २१ अंशांची चूक राहिली होती. त्या खोट्या कोनावर विसंबून विमानातली स्वयंचलित यंत्रणा पुन्हा पुन्हा नाक खाली दाबत राहिली. १८९ माणसं गेली. पात बसवल्यानंतरची चाचणी नीट झाली होती की नाही, याची खात्री चौकशी समितीला करता आली नाही.

(पुढच्या भागात : स्टॉल झालेलं विमान गिरकी का घेतं)