पाचवा गिअर बसवायचा का? आधी हिशेब मांडू

आज मी पापड-मसाल्यांवर बोलणार नाही आणि कर्जफेडीवरही नाही. आज बोलायचंय गाडीच्या गिअरवर. हसू नका. ज्या बचत गटांनी माल न्यायला जुनी गाडी घेतली आहे, त्यांच्या बैठकीत हा विषय आज ना उद्या येणारच.

आमच्या विंचूरच्या गटाकडे जुनी मारुती ओम्नी आहे, मालवाहतुकीची नोंदणी असलेली. कांद्याची पावडर, मनुके, मसाले, पापड भरून ती महिन्यातून एकदा मुंबईकडे जाते. कधी महालक्ष्मी सरससारखं प्रदर्शन असतं, एरवी ठरलेल्या सोसायट्यांमध्ये विक्री. गाडी चालवतात आमच्या एका सदस्येचे दीर. सगळ्या त्यांना भाऊ म्हणतात. दिवाळीनंतर भाऊ म्हणाले, "ताई, हायवेला गाडी नुसती ओरडते. चारच गिअर आहेत. पाच गिअरचा डबा बसवून घेऊ. गॅरेजवाला अठ्ठावीस हजार म्हणतोय."

विषय बैठकीत आला. पिशव्यांच्या शंभर रुपयांच्या बिलावर अर्धा तास वाद घालणाऱ्या आम्ही बायका अठ्ठावीस हजारांवर गप्प बसलो. एक जण म्हणाली, "गाडीतलं आपल्याला काय कळतं? भाऊ म्हणतात तर करून टाकू." सह्या घ्यायला मीच वही पुढे सरकवली होती. तेवढ्यात आमच्या कोषाध्यक्ष मावशी म्हणाल्या, "आधी मला सांगा, गिअर करतो काय?"

उत्तर कुणालाच देता येईना. मलाही नाही. ठराव महिनाभर पुढे ढकलला. त्या महिन्यात मी तीन गॅरेजांत जाऊन विचारलं, गाडीची पुस्तिका वाचली, भाऊंबरोबर एक फेरी केली. जे समजलं ते सांगते.

गिअर करतो काय?

शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणा. खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं छोटं चाक तीन-चार वेळा फिरतं. सुई भराभर चालते. पण जाड गोधडी घातली की पायडल अडतं. वेग मिळाला, पण जोर गेला. आता उलट करा. छोट्या चाकाने मोठं चाक फिरवलं, तर मोठं चाक सावकाश फिरेल, पण जोराने फिरेल. वेग आणि जोर हे तराजूच्या दोन पारड्यांसारखे आहेत. एक वाढलं की दुसरं कमी होतं.

गाडीचा गिअर बॉक्स म्हणजे अशाच लहान-मोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि गाडी मागच्या चाकांवर चालते. मधे एक लांब दांडा असतो, त्याला मेकॅनिक प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे तीन-साडेतीन फेरे होतात तेव्हा हा दांडा एकदा फिरतो. म्हणून भरलेली गाडी जागेवरून हलते, पण पळत नाही. चौथ्या गिअरमध्ये इंजिनचा एक फेरा म्हणजे दांड्याचा एक फेरा. पाचवा गिअर याच्याही पुढे जातो. त्यात दांडा इंजिनपेक्षा जास्त फिरतो.

आकड्यांत बघू. समजा ताशी ८० किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेतंय. पाचव्यात त्याच वेगाला ते साधारण ३,४०० फेरे घेईल. आवाज कमी, झीज कमी, पेट्रोल थोडं कमी. भाऊंचं म्हणणं इथपर्यंत अगदी बरोबर होतं.

पण पारड्याची दुसरी बाजू विसरू नका. फेरे जेवढे कमी झाले, तेवढाच चाकाला मिळणारा जोरही कमी झाला. पाचवा गिअर इंजिनला विसावा देतो, ताकद देत नाही. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ताकद पस्तीस घोड्यांच्या आसपास, तीही नवीन असताना. माल भरलेला, समोरून वारा किंवा थोडा चढ, की पाचव्यातून चौथ्यात यावंच लागतं. कसारा घाट चढताना तर पाचव्याचं कामच नाही. तिथे दुसरा, फार तर तिसरा.

डबा बदलणं म्हणजे काय काय बदलणं?

मला वाटायचं, चार गिअर आहेत त्यात पाचवा टाकायचा, जसा मिसळणाच्या डब्यात आणखी एक वाटी. तसं नसतं. जुना गिअर बॉक्स उतरवून पूर्ण दुसरा बसवावा लागतो. आणि तो कुठलाही चालत नाही. मारुती ८०० किंवा अल्टोचा चालणार नाही, कारण त्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांचं इंजिन आडवं बसवलेलं असतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचाच हवा. ईको २०१० साली आली, तिला पाच गिअर आहेत, पण तिचं इंजिन मोठं, वेगळ्या घडणीचं. तिचा डबा आपल्या इंजिनला तसाच्या तसा बसेल असं धरून चालू नका.

डबा बसला तरी काम संपत नाही. क्लच प्लेटचे दाते नव्या डब्याच्या दांड्याला जुळले पाहिजेत. डब्याची लांबी वेगळी असेल तर प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावा लागतो. तो नीट तोलून घेतला नाही तर वेगात गाडी थरथरते आणि त्याचे क्रॉस लवकर जातात. गिअरची दांडी, डबा धरणारे रबरी फाउंडेशन, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याचं बटण, सगळं जुळवावं लागतं. दुसऱ्या एका गटाने असा जुना डबा बसवून घेतला होता. पक्कं बिल नाही, हमी नाही. दोन महिन्यांत पाचवा गिअर चालता चालता सटकायला लागला आणि गॅरेजवाला म्हणाला, डबा जुनाच होता. पैसे परत मिळाले नाहीत.

काही जण स्वस्तातला उपाय सांगतात. मागच्या हौसिंगमधले क्राऊन-पिनियन बदला, किंवा मोठे टायर घाला. त्यानेही इंजिनचे फेरे कमी होतात, पण सगळ्याच गिअरमध्ये. म्हणजे पहिला गिअरही कमजोर होतो. भरलेली गाडी चढावर थांबली तर उचलताना क्लच जळतो. मोठ्या टायरने स्पीडोमीटरही खोटं बोलतो, गाडी दाखवतो त्याहून जोरात धावत असते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने ठरवून दिलेला आणि आरसी बुकात नोंदवलेला तपशील मालकाला मनाने बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. परवानगीत न बसणारा बदल केला तर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे मालक कोण? भाऊ नव्हे, ज्याच्या नावावर आरसी आहे तो. म्हणून काम करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर न सांगितलेला बदल निघाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी झाली की दरवर्षी फिटनेस तपासणी असते, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, ५ जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणून आपल्यालाही जोरात जावंसं वाटतं. पण मालवाहू गाडीला ताशी ८० च्या वर परवानगीच नाही. मग ऐंशीच्या पुढे जाण्यासाठी खर्च कशाला?

आता वही उघडू

आपण कर्ज देताना जसा हिशेब करतो तसाच केला. विंचूर ते मुंबई, निफाड-नाशिक-कसारा मार्गे, जाऊन-येऊन साधारण ४५० किलोमीटर धरले. त्यातून घाट, नाशिकची गर्दी, ठाण्यापासून पुढची गर्दी वजा केली. पाचवा गिअर खरोखर लागेल असे ३०० किलोमीटर उरले. सध्याचं ॲव्हरेज लिटरला १४. पाचव्याने ते साडेपंधरा होईल असं भाऊंच्या बाजूने धरलं. १४ ने भागलं तर सव्वाएकवीस लिटरच्या थोडं वर, साडेपंधराने भागलं तर एकोणीस लिटरच्या थोडं वर. वाचले दोन लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर फेरीला २१० रुपये. वर्षाला १२ फेऱ्या, म्हणजे २,५२० रुपये. अठ्ठावीस हजार वसूल व्हायला अकरा वर्षं! गाडी आत्ताच जुनी आहे.

मात्र ज्या गटाची गाडी दर आठवड्याला सपाट हायवेने जाते, त्यांचे वर्षाला दहा हजारांच्या वर वाचतील आणि खर्च तीन वर्षांच्या आत निघेल. त्यांनी विचार जरूर करावा. पण एवढ्या फेऱ्या असतील तर जुनी गाडी विकून मुळातच पाच गिअरची गाडी घेणं परवडतं का, हेही त्याच बैठकीत बघावं. तिथे आरटीओचा प्रश्नच उरत नाही.

मग फुकटचा उपाय काय? वेग. ओम्नी समोरून सपाट, खोक्यासारखी. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट. तेच उलट बघा. ऐंशीऐवजी पासष्टने चालवलं तर हवेचा अडथळा साधारण एक-तृतीयांशाने कमी होतो आणि इंजिनचे फेरेही ४,००० वरून ३,२५० वर येतात. पाचव्या गिअरमध्ये मिळणार होते त्याहून कमी! सपाट रस्त्यावरच्या ३०० किलोमीटरला पाऊण-एक तास जास्त लागतो. तो पहाटे लवकर निघून भरून काढता येतो. फक्त डाव्या लेनमधून चला.

आहे तो गिअर बॉक्स सांभाळा

भाऊंबरोबर फेरी केली तेव्हा मला दोन गोष्टी दिसल्या. चढावर इंजिनचा आवाज वाढायचा, पण गाडी तेवढी पुढे जायची नाही. हे क्लच घसरत असल्याचं लक्षण. आणि गाडी उभी असते तिथे खाली तेलाचा डाग. गिअर बॉक्सचं ऑईल सील गेलं होतं, तेल कमी झालं होतं. गाडी "ओरडते" त्यातला निम्मा आवाज या तेलाचाच होता.

तुमच्याही गाडीत हे बघा. गिअर पडायला जड जातोय का? आधी क्लचची केबल तपासा. एखादा गिअर आपोआप सुटतोय का? एकाच गिअरमध्ये घरघर येते का? मग बेअरिंग किंवा दाते झिजलेत. गिअर ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचंच आणि सांगितलेल्या किलोमीटरलाच बदला. इंजिन ऑईल बदललं म्हणजे गिअर ऑईल बदललं असं होत नाही, ती दोन वेगळी तेलं आहेत.

कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यांना तिथेच थांबवा. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. माल विकून परतताना मागच्या रिकाम्या जागेत बायकांनी बसायचं नाही. मालगाडीत मागे ना सीट, ना पट्टा, ना विम्याचा भरवसा. आपण एस.टी.ने येऊ.

आमचं काय ठरलं?

पुढच्या बैठकीत मावशींनी हिशेब फळ्यावर लिहून घेतला. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, ऑईल सील, नवं गिअर ऑईल, ब्रेक लायनर आणि मागचे दोन टायर, असा ठराव झाला. पक्क्या बिलासह सगळं सतरा हजारांत बसलं. उरलेले अकरा हजार गाडीच्या नावाने वेगळे ठेवले. भाऊ सुरुवातीला नाराज होते. पहिल्या फेरीनंतर म्हणाले, "गाडी हलकी झाली." पण पाचवा गिअर हवा होता, असं ते अजूनही म्हणतात. म्हणू देत. लांबच्या रस्त्याला तोच माणूस आठ-आठ तास स्टिअरिंगवर असतो, त्याचं ऐकून घ्यायलाच हवं. फक्त ऐकणं वेगळं आणि न विचारता सही करणं वेगळं.

तुमच्या गटापुढे असा खर्च आला तर पाच प्रश्न विचारा. याने नेमकं काय मिळणार? कुठल्या गाडीचा भाग आहे, जुना की नवा? बिल आणि हमी लेखी देणार का? आरटीओला आणि विम्याला चालतं का? आणि पैसे किती फेऱ्यांत वसूल होतील? उत्तर मिळेपर्यंत वही बंद ठेवा. मेकॅनिकला विचारताना लाजू नका. पैसे आपले, गाडी आपली.