दप्तरातील सुधारणा

शिक्षणसुधारणेसाठी आयोग नेमले जातात, अहवाल दप्तरी दाखल होतात, परिपत्रके निघतात. परंतु ती सुधारणा सात वर्षांच्या मुलाच्या हाती अखेर पोहोचते, ती पाठ्यपुस्तकाच्या रूपानेच. अव्वल इंग्रजी अमदानीत मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांनी मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावली. पुढे आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने क्रमिक पुस्तकांत मुलांचा आनंद आणला. कोठारी आयोगाच्या अहवालानंतर, २७ जानेवारी १९६७ रोजी, पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाले आणि खेड्यातील व शहरातील मुलांच्या हाती एकच, अल्प किमतीचे पुस्तक पडू लागले. माझ्या मते हे समतेचे फार मोठे कार्य होय.

पण या पुस्तकातला छोटासा बदलही किती गाजतो, त्याचे हे एक उदाहरण. 'बासष्ट' हा शब्द ऐकताच मूल आधी दोन लिहिते, मग सहा, आणि उत्तर चुकते. कारण उच्चारात एकक आधी येते, लेखनात दशक. ही अडचण ओळखून, मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील बालभारतीच्या गणित समितीच्या काळात, २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात रूढ वाचनाबरोबरच 'साठ दोन' असेही वाचन दिले गेले, तेव्हा वाद थेट विधानसभेपर्यंत गेला. भाषेची काळजी रास्तच होती. पण मुलाची अडचणही तितकीच खरी होती.

म्हणून, पालकहो, नव्या पुस्तकाला कव्हर घालण्यापूर्वी त्याची प्रस्तावना अवश्य वाचा, आणि काही खटकले तर मंडळाला लिहून कळवा.