एक आकृती, दोन अर्थ

१९५९ सालच्या नाताळच्या रात्री कोलोन येथील ज्यू प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर नाझी चिन्हे रंगविण्यात आली. नाझींनी १९३८ साली उद्ध्वस्त केलेले हे मंदिर पुन्हा उभे राहून जेमतेम तीन महिने झाले होते. उद्घाटनास खुद्द चॅन्सेलर आडेनाउअर उपस्थित होते. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीने वंशद्वेष चेतविणाऱ्यांविरुद्धचा कायदा कडक केला. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ या कलमान्वये बंदी घातलेल्या संघटनांचे चिन्ह, ध्वज, घोषणा, फार काय, हात उंचावून केलेले अभिवादनही तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरू शकते. अध्यापन, संशोधन, कला व वृत्तकथन यांना मात्र सूट आहे.

परंतु कायद्याने नेमके काय पाहावयाचे, रेषा की हेतू? स्टुटगार्टच्या एका विक्रेत्याला फुली मारलेले नाझी चिन्ह विकल्याबद्दल २००६ साली दंड झाला. वास्तविक ती फुली नाझीविरोधाचीच होती! जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने २००७ साली ही शिक्षा रद्द केली, हे उचितच झाले.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. ‘हिटलरचे चिन्ह उलटे, आपले सुलटे’ असे आपण मोठ्या विश्वासाने सांगतो. वस्तुतः आपले नेहमीचे शुभ स्वस्तिक आणि नाझी चिन्ह ही दोन्ही एकाच दिशेला वळलेली आहेत. नाझी ध्वजावर ते तिरपे असे, एवढेच. हिटलरच्या स्वतःच्या निशाणावर तर तेही नव्हते. तेव्हा भूमितीच्या आधारे आपली सुटका व्हावयाची नाही. ज्याचे आप्त छळछावणीत मारले गेले, त्याला ती आकृती दिसताच काय वाटत असेल, हे समजून घेण्याने आपल्या स्वस्तिकाचे पावित्र्य उणे होत नाही. मात्र त्याच्या वेदनेची भरपाई चातुर्मासात दारापुढे स्वस्तिक रेखाटणाऱ्या गृहिणीकडून मागणे हाही न्याय नव्हे. २००७ साली जर्मनीने युरोपभर अशी बंदी असावी असा विचार मांडला, तेव्हा ब्रिटनमधील हिंदू संघटनांनी घेतलेली हरकत म्हणूनच रास्त होती.

बंदीने द्वेष निमाला, असेही नव्हे. नवनाझींनी कैसरच्या काळातील युद्धध्वज हाती घेतला. ‘एच’ हे रोमन वर्णमालेतील आठवे अक्षर असल्याने ‘हाइल हिटलर’साठी ८८ हा आकडा रूढ केला. आता आकड्यांवर बंदी कोणी घालावी? तरीही भर चौकात ते चिन्ह मिरविता न येणे, ही ज्यू नागरिकाच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नाही, आणि म्हणून या कायद्याच्या बाजूने मत द्यावे लागते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ साली केलेला कायदा या दृष्टीने अधिक विचारपूर्वक बेतलेला दिसतो. त्यात बंदी घातलेल्या चिन्हाला ‘हाकेनक्रॉइत्स’ हे त्याचे जर्मन नाव दिले असून, हिंदू, बौद्ध व जैन यांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक वापरास स्पष्ट मुभा आहे. मेलबर्नमधील मराठी कुटुंबाच्या दारातील रांगोळी त्यामुळे गुन्हा ठरत नाही. शेजाऱ्याने विचारले तर तिचा अर्थ सांगावा लागेल, इतकेच.