अल्ट्रासाउंडने रिॲक्शन खरंच वाढली? आधी ‘सायलेंट रन’ दाखवा

चहाचं पाणी गॅसवर ठेवलं की उकळी फुटायच्या आधी ते ‘सूं’ असा आवाज करतं. तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरतात आणि कोसळतात, त्याचा तो आवाज. माझ्या पीएचडीचा विषय साधारण हाच आहे: बुडबुडा कोसळतो तेव्हा काय होतं, आणि केमिकल कारखान्याला त्याचा उपयोग काय.

आवाज नेमकं काय करतो?

२० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची पाण्यातली तरंगलांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर असते. रेणू त्याच्यापुढे अतिसूक्ष्म, म्हणजे ध्वनी थेट बंध तोडत नाही. तो दाब कमी-जास्त करतो. दाब घटला की द्रवात पोकळ्या वाढतात, दाब वाढला की त्या कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळताना आतलं तापमान क्षणभर काही हजार केल्विनपर्यंत जातं. पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. शिवाय जोरदार सूक्ष्म प्रवाह सुटतात, आणि तेल-मेथॅनॉलसारखे न मिसळणारे द्रव एकमेकांत बारीक विखुरले जातात.

म्हणजे परिणाम दोन: रासायनिक आणि यांत्रिक. तुमच्या रिॲक्शनमध्ये कुठला काम करतोय, हा खरा संशोधनाचा प्रश्न.

माझी चूक

पहिल्या वर्षी मी तेल आणि मेथॅनॉलपासून बायोडिझेल करत होते. अल्ट्रासाउंड लावला की कन्व्हर्जन छान वाढायचं. सहा महिन्यांचे ग्राफ घेऊन सरांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, “त्याच तापमानाला, नुसतं जोरात ढवळून काय येतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी विरार लोकलमध्ये वसईपर्यंत उभ्याने येताना डोक्यात तेवढंच होतं. नंतर तापमान कायम ठेवून प्रयोग पुन्हा केले, तर फरक बराच कमी झाला. माझा ‘अल्ट्रासाउंड इफेक्ट’ मोठ्या प्रमाणात फ्लास्क गरम झाल्याचा इफेक्ट होता.

म्हणून आधी कॅलरीमेट्री करा. समजा २०० ग्रॅम पाणी १० मिनिटांत १२ अंशांनी तापलं. ०.२ × ४१८० × १२ ÷ ६०० केलं की सुमारे १७ वॅट येतात. उपकरण भिंतीतून १०० वॅट ओढत असेल, तर द्रवात पोचले फक्त १७ टक्के. पेपरमध्ये हा आकडा द्या, डब्यावर छापलेला नको.

आणि ‘जास्त गरम म्हणजे जास्त चांगलं’ हेही इथे चालत नाही. द्रव तापला की बुडबुड्यात वाफ जास्त भरते, ती उशीसारखी मध्ये येते आणि कोसळणं मवाळ होतं.

फ्लास्कमधून कारखान्यात

हॉर्नचा जोर त्याच्या टोकाजवळच असतो. टाकी मोठी केली की बराचसा द्रव कोरडाच राहतो, म्हणजे त्याला कॅव्हिटेशन मिळतच नाही. टोकही झिजतं.

यावरचा एक मार्ग आपल्या माटुंग्यात घडला. आयसीटीत (पूर्वीची यूडीसीटी, स्थापना १९३३) प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ मध्ये तेलाच्या जलविघटनावर कॅव्हिटेशनचा परिणाम मांडला. पुढे प्रा. पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांनी हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशनवर भरपूर काम केलं. यात ध्वनीच नसतो. पंपाने द्रव अरुंद छिद्रातून किंवा व्हेंचुरीतून ढकलायचा. वेग वाढतो, दाब पडतो, बुडबुडे होतात आणि पुढे कोसळतात. वसई पूर्वेच्या गाळ्यातल्या छोट्या युनिटला पंप आणि भोकं पाडलेली प्लेट जमण्यासारखी आहे. हॉर्नची रांग परवडणं कठीण.

विषय घेण्याआधी

वहीत चार ओळी लिहून ठेवा: त्याच तापमानाचा सायलेंट रन, ढवळण्याचा वेग, द्रवात पोचलेले वॅट, आणि प्रति ग्रॅम उत्पादनाला लागलेली ऊर्जा. चौथी ओळ सगळ्यात जास्त निराश करते, पण कारखानदार पहिल्यांदा तीच विचारतो.

सहा महिने गेल्याचं मला वाईट वाटलं, खोटं नाही बोलणार. पण थिसिसचं दुसरं प्रकरण त्याच सायलेंट रनवर उभं आहे. तुम्ही तो पहिल्याच आठवड्यात घ्या.