भरल्या ताटापुढची उपासमार



आपल्या या राजूर-भंडारदरा भागात उपासमार म्हटली की डोळ्यांपुढे रिकामे मडके उभे राहते. पीक बुडाले म्हणून चूल पेटली नाही, हे दुःख येथल्या जुन्या माणसांना कोणी समजावून सांगायला नको. म्हणूनच, घरात धान्य असताना एखादी मुलगी आज चतुर्थी, उद्या एकादशी अशी निमित्ते सांगून ताटावरून उठते आणि दिवसेंदिवस वाळत जाते, तेव्हा आपण सहज म्हणतो, ‘हा अन्नाचा माज आहे!’ वस्तुतः तो आजार असू शकतो. अन्न टाळणे, लपून अनावर खाणे, खाऊन मुद्दाम ओकणे ही त्याची रूपे. तो मुलग्यांनाही होतो आणि अंगाने भरलेल्या माणसालाही होतो.

मग आधार कोणाचा घ्यावा? 1944-45 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडखोर आणि एकलकोंडे बनले. अहोरात्र अन्नाचाच विचार करू लागले. तात्पर्य, उपासमार स्वतःच मन बिघडविते. ‘मन ताळ्यावर आले की जेवेल’ ही आपली समजूत उलटी आहे. आधी अन्न, मग उपदेश.

परंतु फार दिवस उपाशी राहिलेल्या देहात एकदम अन्न कोंबले, तर रक्तातील फॉस्फरससारखी द्रव्ये घटून हृदयाला धोका पोचतो. म्हणून पहिला आधार शरीराच्या डॉक्टरांचा. दुसरा मनोविकारतज्ज्ञांचा. आपल्याच जिल्ह्यात लोणी येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी दोन्ही प्रकारचे वैद्य एकत्र भेटतात. जाणे लगेच जमत नसेल, तर 2022 साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मात्र चक्कर, छातीत धडधड किंवा रोजचे ओकणे असेल, तर फोनवर न थांबता रुग्णालय गाठावे.

तिसरा आधार घराचा. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील संशोधकांनी 1987 साली दाखवून दिले की, आजार कोवळ्या वयात जडला असून फार जुना झालेला नसेल, तर आईबापांना हाताशी धरून केलेला उपचार अधिक गुण देतो. आईने रोज शेजारी बसून शांतपणे जेवू घालावे. रागावू नये, वजनाची थट्टा कोणालाही करू देऊ नये.

योग्य आधार ओळखावा कसा? जो लाजवीत नाही, वजन व नाडी नियमित पाहतो आणि घरच्यांना सोबत घेतो, तो योग्य. जो ‘मनावर घे, म्हणजे झाले’ एवढेच सांगतो, तो नव्हे. एका वैद्याशी सूर जुळला नाही, तर वैद्य बदलावा. उपचार सोडू नये. बरे व्हायला महिने, कधी वर्षेही लागतात. तोवर त्या ताटाशेजारी कोणीतरी बसलेले असावे, एवढेच आपणांस सांगणे.