सुगींतील कुणबी घर आणि तान्हीं मुलें : इंदापूर-बारामतीकडील कागदांच्या अनुरोधानें

इंदापूर परगण्यांतील अथवा सुप्याकडील एखाद्या गांवचें जुनें दप्तर उघडलें म्हणजे कुणब्याच्या प्रपंचाचा हिशेब मोठ्या बारकाईनें हातीं येतो. जमीन किती, विहीर आहे कीं नाहीं, नांगर किती, बैल किती, मागील बाकी किती, हें सर्व त्यांत असतें. नसतें तें बहुधा एकच : त्या घरांतील लहान मुलें. एखाद्या खानेसुमारींत त्यांचा आंकडा आलाच, तर तो माणसांच्या बेरजेपुरता येतो. सुगीच्या दिवसांत आई शेतांत असतां तान्हें कोठें होतें, त्यास कोणीं सांभाळलें, पीक घरीं आल्यावर त्याच्या वाट्यास काय उरलें, हें सांगण्यासाठीं तो कागद लिहिलेलाच नव्हता. तथापि ज्या खळ्यावर सरकार, सावकार व बलुतेदार यांचे हक्क ठरत, त्याच खळ्यावर ह्या मुलांचें वर्षभराचें अन्नही ठरत असे. म्हणून कागद आणि मुलें यांचा संबंध लावून दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम देश पाहूं. भीमा व नीरा या दोन नद्यांच्या दुआबांत इंदापूरचा मुलूख येतो. दोहोंचा संगम नीरा-नरसिंहपूर येथें होतो. बारामती त्याच्या पश्चिमेस कऱ्हेच्या कांठीं आहे. पाऊस थोडा आणि बेभरंवशाचा. त्यामुळें येथील मुख्य सुगी म्हणजे रब्बीच्या शाळूची. भाद्रपद-आश्विनांत पेरलेला जोंधळा पौषांत हुरड्यास येतो आणि माघ-फाल्गुनांत काढणीस तयार होतो. काढणीचे दिवस मोजके असतात. कणीस वाळून दाणे गळूं लागले, पांखरें उतरलीं अथवा अवकाळी पाऊस आला, तर वर्षाचा घांस जातो. म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांत घरांतील एकही हात मोकळा ठेवणें परवडत नसे. तान्ह्या मुलाच्या संगोपनास सर्वांत कठीण काळ हाच, कारण ज्या बाईवर त्याचें पोट अवलंबून, तिच्याच हातावर घराचेंही पोट अवलंबून असे.

कुणब्याचें घर स्वयंपूर्ण होतें असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो थोडा तपासून घेतला पाहिजे. धान्य, डाळ, कडबा, दूध, शेणी व बियाणें हें घरचें; औत, मोट, चपला, मडकीं हें बलुत्याचें; मीठ, लोखंड व बरेंचसें कापड बाजारचें. म्हणजे घर एकटें स्वयंपूर्ण नसून गांवासह स्वयंपूर्ण होतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथांत ह्या देण्याघेण्याचें सविस्तर वर्णन केलें आहे, आणि त्यांतील काच उघडपणें मांडले आहेत. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्यानें पुणें प्रांतांतील लोणी गांवाविषयीं लिहिलेला निबंध १८२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतही घरें, अन्न व कर्ज यांची माहिती आहे. मुलांच्या संगोपनापुरता ह्याचा अर्थ इतकाच कीं, मुलास लागणाऱ्या बहुतेक वस्तु पैशानें येत नसत, श्रमानें येत. आणि श्रमाची टंचाई सुगींत सर्वांत अधिक असे.

आतां काम कसें वांटलें जाई तें पाहूं. शाळू मुळासकट उपटून त्याच्या पेंढ्या बांधणें हें पुरुषांचें व जाणत्या मुलांचें काम. कणसें खुडणें हें मुख्यतः स्त्रियांचें. बाळंतीण बाई महिना-सव्वामहिना घरांत राहिली, तरी पुढें तान्ह्यास पाटींत घालून ती शेतावर येई. बांधावरच्या लिंबाच्या अथवा बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधीत. झोळीपाशीं सहा-सात वर्षांची थोरली बहीण बसविली जाई. मूल रडलें कीं झोका देणें, माशा वारणें, आणि रडें थांबेना तेव्हां आईस हांक मारणें, एवढें तिचें काम. पात शेवटास नेईपर्यंत आई येत नसे. आल्यावर मुलास अंगावर पाजून ती पुन्हां पातीस लागे. घरीं आजी असली तर दोन-तीन वर्षांचीं मुलें तिच्यापाशीं राहत आणि भाकरीचा कुसकरा, आंबील वा कण्या खाऊन दिवस काढीत. एकत्र कुटुंबाचे गुण पुष्कळांनीं गाइले आहेत. परंतु सुगीच्या दृष्टीनें त्याचा खरा उपयोग हा कीं, जिचे हात शेतास निकामी झाले, तिचे हात मुलास उपयोगीं पडत.

जेथें आजी नाहीं व थोरली बहीणही नाहीं, तेथें दुसरा उपाय होता, आणि तो भयंकर होता. मुंबई इलाख्यांत तान्ह्या मुलांस अफूची ‘बाळगोळी’ देण्याची चाल प्रसिद्ध होती. १८९३ ते १८९५ या काळांत अफूसंबंधीं जें शाही चौकशी-मंडळ बसलें, त्याच्यापुढें ह्या चालीविषयीं साक्षी झाल्या. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांविषयीं १९२० नंतर झालेल्या चौकशींतही हीच गोष्ट ठळकपणें पुढें आली. गोळीनें मूल निजून राही. परंतु त्याची भूकही निजे, कोठा बांधला जाई, आणि मात्रा किंचित् अधिक झाली तर तें पुन्हां उठत नसे. ह्यांत आईच्या मायेचा अभाव शोधणें हा अन्याय होईल. कामाचा दिवस आणि मुलाचा दिवस यांचा मेळ बसेना, तेथें हा विषारी मेळ घातला गेला, असेंच म्हटलें पाहिजे.

मूल चालूं-बोलूं लागलें म्हणजे सुगी हीच त्याची शाळा होई. सात-आठ वर्षांचा मुलगा माळ्यावर उभा राहून गोफणीनें पांखरें राखी. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोंवतीं बसून त्यास पोटभर खावयास मिळे. वर्षांत असे दिवस थोडे. काढणीनंतर शेतांत पडून राहिलेलीं कणसें, म्हणजे सरवा, मुलें वेंचीत. गरिबांच्या घरीं ही गंमत नसून कमाई होती. खळ्यावर तिवड्याभोंवतीं बैलांची पात फिरूं लागली कीं, पातीमागें चालणें आणि बैलानें शेण टाकण्यापूर्वींच तें हातांत अथवा पाटींत झेलणें हें मुलांचें काम. उपणणीच्या वेळीं बाप तिवईवर उभा, आई खालून पाट्या भरून देणारी, आणि मुलें कडेचें मातेरें झाडणारीं. रास मापतांना कित्येक ठिकाणीं पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणत. अनेक मुलांस अंकांची पहिली ओळख ह्या लाभापासूनच झाली असेल.

परंतु त्या राशीकडे पाहणारे डोळे घरच्यांचे तेवढेच नव्हते. सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार इत्यादि बलुतेदार आपापला वांटा घेण्यास खळ्यावर येत, आणि त्यांच्याही घरीं मुलें होतीं. त्यांचें अन्न ह्याच राशीवर होतें. विशेषतः महारांच्या व मांगांच्या मुलांस त्या वांट्याबरोबर अपमानही घ्यावा लागे, हें विसरून गांवगाड्याचें गोड चित्र काढणें इतिहासास शोभणार नाहीं. त्यानंतर सरकारसारा व सावकाराचें देणें. जें उरे तें पेंवांत अथवा कणगींत जाई, आणि पुढील सुगीपर्यंत मुलांचें पोट त्यावर चाले.

ह्या दृष्टीनें इंदापूरचा एकोणिसाव्या शतकांतील जमाबंदीचा इतिहास वाचला, तर त्यास निराळाच अर्थ येतो. इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रिंगल या अधिकाऱ्यानें पुणें प्रांताची मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ सरकारचे, असें ठरविलें. १८३० मध्यें ही आकारणी इंदापुरास लागू झाली. एकूण उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा घालून निव्वळ उत्पन्न काढावयाचें, तर घरच्या बाईच्या व मुलांच्या श्रमास किंमत कोणत्या दरानें लावावयाची, हा प्रश्न येतोच. तान्ह्यास झोळींत टाकून खुडलेल्या कणसांचा खर्च कोणत्या रकान्यांत घालावा? कागदावर नेमका दिसणारा हा हिशेब शेतांत टिकला नाहीं. आकार जड झाला, भाव उतरले, जमिनी पडीक पडल्या, आणि पुष्कळ कुळें मुलाबाळांसह निजामाच्या मुलखांत निघून गेलीं.

१८३५ मध्यें गोल्डस्मिड यानें इंदापूरची फेरपाहणी हातीं घेतली. लेफ्टनंट विंगेट त्यास मिळाला. दोघांनीं निव्वळ उत्पन्नाचें गणित सोडून दिलें. काळी, तांबडी व बरड यांचे मिळून जमिनीचे ९ वर्ग पाडले, आणि १८३६ पासून ३० वर्षांसाठीं हलका आकार बांधून दिला. पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरलेल्या मोजणीपद्धतीचा पाया येथेंच घातला गेला. लागवड वाढली, गेलेलीं कुळें परतूं लागलीं. कागदांत ह्याची नोंद ‘पडीक जमीन लागवडीस आली’ एवढीच आहे. परंतु पडीक रान पुन्हां पेरलें गेलें, याचाच दुसरा अर्थ असा कीं, त्या बांधावर पुन्हां झोळी बांधली गेली.

मुदत सरल्यावर आकार वाढला, कापसाच्या तेजीनंतर भाव पडले, आणि सावकाराचें देणें फुगलें. १२ मे १८७५ रोजीं तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यांतील, सुपें येथें रयत उठली. दंग्यांत सावकारांचीं खतें हस्तगत करून जाळणें हा मुख्य रोख होता. आपण जुने कागद जमविणारे लोक ह्या गोष्टीकडे दुःखानें पाहतों. पण रयतेच्या लेखीं त्या खतांत पुढल्या सुगीची रास, म्हणजेच मुलांची भाकरी, आगाऊ बांधलेली होती. १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा ह्याच प्रसंगाचें फळ होय.

मध्यंतरीं १८७६-७७ चा दुष्काळ आला, आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. सुकाळांत ज्या मुलाच्या श्रमास कोणत्याही कागदावर किंमत नव्हती, त्यास दुष्काळी कामांवर दर मिळाला. आरंभींच्या दरपत्रकांत पुरुषास २ आणे, स्त्रीस दीड आणा, आणि काम करण्यासारख्या मुलास वा मुलीस १ आणा असा रोज दिसतो. स्वतःच्या खळ्यावर अदृश्य असलेलें मूल, खळें ओस पडल्यावर खडी वाहतांना सरकारी आंकड्यांत आलें. नीरेच्या डाव्या कालव्याचें कामही ह्याच दुष्काळाच्या सुमारास सुरूं झालें. १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी वाहूं लागलें, आणि बारामती व इंदापुराकडील शेतीचें रूप हळूहळू पालटलें.

पाण्याबरोबर ऊंस आला. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर येथें साखर कारखाना उभा राहिला; पुढें सहकारी कारखाने निघाले. ऊंसाच्या गळिताचा हंगाम साधारण कार्तिकापासून फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो, म्हणजे शाळूच्या सुगीस झांकून टाकतो. ज्यांच्या घरीं पाणी आलें, त्यांचीं मुलें बांधावरून शाळेंत गेलीं, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु झोळी नाहींशी झाली नाहीं. ती दुसऱ्याच्या हातीं गेली. बीड व नगर या जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांहून ऊंसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोपींत राहतात, आणि पहांटेच्या थंडींत तान्ह्यास फडाच्या कडेला निजवून नवरा-बायको कोयता चालवितात. त्यांच्या मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, तरी थोरली बहीण धाकट्यास राखण्यासाठीं मागें राहते, हा प्रकार आजही संपलेला नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या कुणबिणीचें मूल निदान घरच्या राशीसाठीं झोळींत होतें. ह्या मुलाची आई उचल फेडीत असते.

येवढ्या विवेचनावरून संग्राहकांनीं लक्षांत घ्यावें असें दिसतें तें हें. पेशवे-दप्तरांतील इंदापूर परगण्याचे कागद विपुल आहेत. जपानी अभ्यासक मिचिहिरो ओगावा यांच्यासारख्या संशोधकांनीं त्यांचा कसून उपयोग केला आहे. परंतु सरकारी कागद खळ्यावरून बाहेर जाणाऱ्या धान्याचे असतात. घरांत राहिलेल्या धान्याचे नव्हेत. त्यासाठीं खासगी रुमाल चाळले पाहिजेत. घरखर्चाची वही, वैद्याचें टिपण, बाळंतिणीच्या खर्चाची याद, चाकरीस ठेवलेल्या पोराच्या मुशाऱ्याची चिठी, असे कागद ‘किरकोळ’ म्हणून बाजूस टाकले जातात. ते टाकूं नयेत. दुसरें साधन जात्यावरच्या ओव्यांचें. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नानें एक लक्षाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या आहेत. ज्या बाईचें नांव कोणत्याही कागदांत नाहीं, तिनें आपल्या तान्ह्याविषयीं काय म्हटलें, हें तेथें सांपडतें. ओवीस तिथि नसते, म्हणून ती एकटी प्रमाण होत नाहीं. पण तारखेच्या कागदाशेजारीं ती ठेवली म्हणजे तो कागद बोलूं लागतो.

हें काम लवकर झालें पाहिजे. उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्यांतील भीमाकांठचीं कित्येक जुनीं गांवठाणें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें जुनें देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे वर दिसतें. घरें हलतात तेव्हां भांडीं जपून नेतात आणि रुमाल माळ्यावर राहतात, हें आपणांस सांगावयास नको. ज्यांच्या संग्रहीं भीमा-नीरा दुआबांतील असे घरगुती कागद असतील, त्यांनीं ते कितीही क्षुल्लक वाटले तरी त्यांची याद करून ठेवावी, आणि त्यांत मुलाचें नांव, वय अथवा त्यासाठीं झालेला एखादा आणा-दोन आण्यांचा खर्च आढळल्यास तो आवर्जून टिपावा.